रुग्णवाहन आणि शववाहन

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें लेख लिहावयाचा तो धर्मग्रामाच्या स्थापनेवर, देवळाच्या बांधकामावर, नाहीं तर आपल्या आधीच्या धर्मगुरूंच्या चरित्रावर लिहावा, अशी रीति आहे. ती मोडल्याबद्दल वाचकांनीं आम्हांस क्षमा करावी. यंदा महोत्सव-समितीच्या एका बैठकींत एक साधा प्रश्न निघाला. त्यानें आम्हांस पुष्कळ दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवणें हेंच या प्रसंगीं अधिक उपयोगाचें होईल असें आम्हांस वाटतें.

प्रश्न असा. महोत्सव-निधींतून एक गाडी घ्यावी असें जवळजवळ ठरलें होतें. ती आजाऱ्यांना इस्पितळांत नेईल, आणि कोणी प्रभूच्या ठायीं निद्रिस्त झाला तर त्याची पेटी घरून देवळांत व देवळांतून दफनभूमींत नेईल. दोन गाड्यांचे पैसे नाहींत, आणि दोन्हीं कामें दयेचींच, मग एका गाडीनें तीं व्हावयास हरकत कोणती? कोणी हरकत घेतली नाहीं. आम्हींही मान हलविली. तेव्हां आमच्यांतील एक वृद्ध सुतार, ज्यांनीं आजवर या धर्मग्रामांतील बहुतेक पेट्या आपल्या हातानें केल्या, ते कोपऱ्यांतून म्हणाले, “फादर, आजारी माणूस त्या गाडींत चढतांना काय बघेल, तेवढें आधीं बघा.” ठराव त्या दिवशीं तसाच राहिला.

आजारी व मृत यांची सेवा एकाच हातीं असणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. दयेचीं सात शारीरिक कृत्यें आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. त्यांपैकीं सहा संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतून आलीं आहेत : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार व बंदिवानाची भेट. सातवें कृत्य, म्हणजे मृताला मूठमाती देणें, तें त्या अध्यायांत नाहीं. तें तोबीताच्या ग्रंथावरून घेतलें आहे. निनवे शहरीं राजाच्या भीतीनें ज्यांना कोणी हात लावीत नसे, अशीं आपल्या देशबांधवांचीं प्रेतें तो सत्पुरुष उचलून आणी व पुरी. सेमिनरींत असतां हा भेद आम्हीं परीक्षेपुरता लक्षांत ठेविला. सहावें व सातवें कृत्य यांच्यामध्यें कित्येकदां अर्ध्या तासाचेंच अंतर असतें, हें पुस्तकांत नव्हतें. तें पुढें धर्मग्रामांत फिरतांना कळलें.

पांचव्या शतकाच्या प्रारंभीं इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरीं ‘पाराबोलानी’ नांवाचा एक वर्ग होता. जीव धोक्यांत घालणारे, असा या नांवाचा अर्थ बहुधा लावितात. सांथीच्या रोग्यांची शुश्रूषा करणें व मेलेल्यांना पुरणें हीं दोन्हीं कामें त्यांच्याकडे असत. आम्हीं त्यांचे गोडवे मोठ्या अभिमानानें गाइले असते. परंतु इतिहास अर्धा सांगणें बरें नव्हे. हे लोक पुढें तेथील बिशपांच्या हातांतील दांडगाईचें हत्यार बनले व सार्वजनिक सभांतून आणि न्यायस्थानांतून दहशत घालूं लागले. तेव्हां इ. स. ४१६ मध्यें सम्राटाच्या कायद्यानें त्यांची संख्या ५०० पर्यंत मर्यादित करण्यांत आली, व दोन वर्षांनीं ती ६०० केली गेली. ज्याला मरणाचें भय उरलें नाहीं त्याचें भय इतरांस वाटूं लागतें, आणि तो तें वापरूंही शकतो. सेवेच्या इतिहासांत हें पान फारसें कोणी वाचून दाखवीत नाहीं.

याहून गोड कथा फ्लॉरेन्स शहराची आहे. तेथील ‘मिझेरिकोर्दिया’ नांवाच्या बंधुसंघाची स्थापना परंपरेनें १२४४ सालची मानितात. दंतकथा अशी कीं, लोकरी कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल कामाची वाट पाहत एका तळघरांत शेकत बसत, व बसल्या बसल्या शिव्यागाळी करीत. त्यांतील एका वृद्ध, देवभीरु हमालाला या गोष्टीचा वीट आला. त्यानें नियम घातला कीं, जो शिवी देईल त्यानें पेटींत एक नाणें टाकावें. पेटी लवकरच भरली (कोल्हापूरच्या एखाद्या अड्ड्यावर हा नियम लावला तर ती किती दिवसांत भरेल, याचा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं!), आणि त्या पैशांतून शहराच्या सहा विभागांसाठीं सहा डोल्या केल्या. दंतकथा खरी असो वा नसो, संघ मात्र खरा आहे. त्याचे बंधु अंगभर झगा व डोळ्यांपुरतीं भोकें ठेवलेली टोपी घालीत. आपणांस उचलून नेणारा सरदार होता कीं चांभार, हें आजाऱ्याला कळूं नये हा हेतु. घंटा झाली कीं हातांतलें काम टाकून ते जात. जखमी असेल तर इस्पितळांत नेत, मेलेला असेल तर पुरण्यास नेत. १३४८ च्या महामारींतून हा संघ गेला, आणि आज तेथील मोठ्या देवळासमोर त्याच संघाच्या मोटारी उभ्या असतात. आतां ते झगा घालीत नाहींत.

हीच कल्पना पोर्तुगालांत गेली. १४९८ सालीं विधवा राणी लिओनोर हिच्या आश्रयानें लिस्बन येथें ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’ स्थापन झाली, आणि पोर्तुगीज लोक जेथें जेथें गेले तेथें तेथें तीही गेली. गोव्यास ती सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांतच होती. आमच्या महाराष्ट्रांत चौल व वसई येथें तिच्या शाखा होत्या. दयेचीं चौदा कृत्यें, सात शारीरिक व सात आत्मिक, हाच तिचा नियमग्रंथ. रोगी, कैदी, निराधार मुली यांचें पालन ती करी. फांशीं जाणाऱ्याच्या बरोबर शेवटपर्यंत चाले. आणि शवशिबिका तिच्या ताब्यांत असे. पोर्तुगालांतील शहरांतून तर शवशिबिका बाळगण्याचा हक्कच बहुधा तिच्याकडे असे, व श्रीमंतांकडून तिचें जें मूल्य येई त्यांतून गरिबांचें काम चाले. म्हणजे मृतांच्या मिळकतीवर जिवंतांची सेवा. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें अमेरिकेंत ती उलट्या रूपानें भेटणार आहे.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला तेव्हां बिशपांच्या वाड्यांत न राहतां इस्पितळांत राहिला, हें सर्वांस ठाऊक आहे. वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं घेतला, आणि तेथील पोर्तुगीज मिझेरिकोर्दियेचा काळ संपला. गोव्यांत मात्र ‘कोंफ्रारी’चे सभासद लाल पांघरुणें घालून प्रेतयात्रेबरोबर चालण्याची चाल अद्याप आहे. आमच्या धर्मग्रामांतील जीं घरें मूळचीं गोव्याकडील आहेत, त्यांतील वृद्धांनीं ती लहानपणीं पाहिलेली आहे.

आतां ज्या देशांत रुग्णवाहन व शववाहन हीं सर्वांत अधिक काळ, व अगदीं उघडपणें, एकाच दुकानांतून निघत होतीं, त्या अमेरिकेकडे वळूं. तेथें अंत्यविधीचा धंदा करणारा ‘अंडरटेकर’ हा मूळचा पुष्कळदां सुतारच असे. खुर्च्या व कपाटें करणारा मनुष्य गरज पडली कीं शवपेटीही करी. पुढें पेटीबरोबर गाडीघोडेही तोच पुरवूं लागला. मोठ्या शहरांतून इस्पितळांच्या स्वतःच्या गाड्या लवकर निघाल्या; सिनसिनाटी येथें १८६५ त व न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळांत १८६९ त. परंतु लहान गांवांत आजारी माणसाला आडवा निजवून नेतां येईल एवढी लांब गाडी कोणापाशीं होती? फक्त त्याच्यापाशीं. रात्रीं-अपरात्रीं निरोप घेण्यास जागा असलेला मनुष्य कोणाकडे होता? त्याच्याकडे. निश्चेष्ट माणसाला धक्का न लावतां जिन्यावरून उतरविण्याची सवय कोणाच्या हातांना होती? त्याच्याच. तेव्हां घरांत कोणी पडला, रस्त्यांत मोटार उलटली, कीं लोक अंडरटेकरला बोलावीत. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. गांवांत दुसरें साधन नव्हतें, एवढेंच.

मोटारी आल्यावर दोन्हीं कामांसाठीं मुद्दाम एकच गाडी बनूं लागली. कॅडिलॅकच्या लांब चौकटीवर तिचें अंग बांधीत. छतावरचा लाल दिवा काढतां-घालतां येई. कांचेवरील पाटी बदलतां येई. पेटी सरकविण्याचे रूळ उलटे केले कीं तळ सपाट होई व त्यावर रुग्णाची खाट बसे. शुश्रूषा करणाऱ्याचें आसन घडी करून भिंतींत जाई. सकाळीं अंत्ययात्रा, दुपारीं अपघात, असा एकाच गाडीचा दिवस जाई. कारागिरी म्हणून ती पाहण्यासारखी होती यांत संशय नाहीं.

परंतु गाडींत चढलेल्या रोग्यासाठीं वाटेंत काय होई? बहुधा कांहींच नाहीं. सारथि व त्याचा मदतनीस यांना उचलणें व पळविणें येई. रक्त थांबविणें, श्वास चालू ठेवणें हें त्यांस कोणी शिकविलेलें नसे. १९६६ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें अपघाती मृत्यु व अपंगत्व यांवर एक निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत सांगितलें होतें कीं, १९६५ या एका वर्षांत देशांत ५ कोटी २० लाख अपघाती इजा झाल्या व त्यांत १,०७,००० माणसें मेलीं. आणि देशांतील सुमारें निम्मी रुग्णवाहन-सेवा १२,००० अंत्यविधि-व्यावसायिक चालवीत आहेत, तें मुख्यतः अशासाठीं कीं माणसाला आडवा नेतां येईल अशीं वाहनें त्यांच्यापाशीं आहेत. निवेदनाची भाषा थंड आहे. पण ती वाचून त्या देशांतील लोक चपापले. आपण मरतों तें पुष्कळदां जखमेनें नव्हे, तर जखम व इस्पितळ यांच्यामधल्या रस्त्यावर, हें त्यांस आंकड्यांनीं दिसलें.

आणखी एक गोष्ट लोक दबल्या आवाजांत बोलत. जो मनुष्य आपणांस इस्पितळांत पोंचवितो, त्यालाच आपण वाटेंत मेलों तर दुसरें, अधिक मोठें काम मिळतें! बहुतेक अंडरटेकर रुग्णवाहनांत तोटाच सोसत असत. शेजारधर्म म्हणून, व उद्यां दुःखाच्या वेळीं हें कुटुंब आपणांस विसरणार नाहीं या हिशेबानें, ते तें चालवीत. त्यांच्यावर कोणी खुनाचा आरोप करावा असें कांहीं नव्हतें. परंतु लिस्बनची रीति येथें उलटी झाली होती : तेथें मृतांच्या शुल्कावर रोग्याची सेवा चाले, येथें रोग्याच्या सेवेवर मृताचें गिऱ्हाईक जोडलें जाई. गाडी एकच, पण तिचें तोंड कोणीकडे आहे यावर सारें अवलंबून, असें आमचें मत आहे.

पुढचें थोडक्यांत सांगतां येईल. १९६६ च्या महामार्ग-सुरक्षा कायद्यानें सरकारनें या कामांत लक्ष घातलें. शिक्षण, वेतन, सामान यांचे नियम वाढले. १९७३ त आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेसाठीं निराळा कायदा झाला. नियमांप्रमाणें माणसें व गाड्या ठेवणें अंडरटेकरला परवडेना, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेकांनीं हें काम सोडून दिलें. कोणी कृतज्ञतेचा सोहळा केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पन्नास वर्षें रात्रीं उठून गेलेल्या माणसांना एवढें तरी मिळावयास पाहिजे होतें.

त्याच काळांतील पिट्सबर्ग शहराची गोष्ट न सांगितली तर हा लेख अपुरा राहील. तेथें रोग्यांना बहुधा पोलिसांच्या गाडींत घालून नेत, आणि काळ्या लोकांच्या वस्तींत ती गाडी आली तरी पुष्कळ. १९६७ त ‘फ्रीडम हाउस’ नांवाच्या संस्थेनें त्याच वस्तींतील बेकार तरुण घेतले. डॉ. पीटर साफार, ज्यांनीं तोंडानें श्वास देण्याची कृति शास्त्रशुद्ध केली, त्यांनीं या तरुणांना महिनोन्महिने शिकविलें. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतें, त्यांनीं वाटेंतच रोग्याचा श्वास व हृदय चालविण्याचें काम असें केलें कीं, तें पाहून अन्य शहरें शिकलीं. १९७५ त नगरपालिकेनें स्वतःची सेवा काढून ती संस्था बंद पाडली. संस्था गेली, तिची शिकविण्याची पद्धति जगभर राहिली.

आपल्या देशांत अंत्यविधीचीं दुकानें मुंबईसारख्या शहरांतील ख्रिस्ती वस्त्यांपुरतींच. इतरत्र प्रेत उचलणें हें जातीचें, भावकीचें, आळीचें काम. आणि रुग्णवाहन म्हणजे बाज, डोली, नाहीं तर बांबूला बांधलेली झोळी. सह्याद्रीच्या माथ्यावरील कित्येक वाड्यांतून आजही पावसाळ्यांत आजाऱ्याला झोळींत घालून खालच्या रस्त्यापर्यंत आणितात; आणि इस्पितळांतून तो जिवंत परत आला नाहीं, तर तींच माणसें त्याच झोळींतून त्याला वर नेतात. तेथें दोन वाहनांचा प्रश्न निघत नाहीं. कोल्हापुरास १८८० च्या दशकांत आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ उभें राहिलें, ज्यास आज आपण छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतों. १८९१ त मिरजेची रेल्वे कोल्हापुरास आली, आणि १८९४ त मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचें इस्पितळ झालें. तेव्हांपासून या भागांतील पुष्कळ रोग्यांची पहिली अँब्युलन्स म्हणजे आगगाडीचा डबाच होती.

गाडीचें भय काय असतें, तें मात्र आमच्या महाराष्ट्रानें प्लेगांत पाहिलें. १८९६ त मुंबईस प्लेग आला. सरकारी माणसें घरांत शिरून रोगी शोधूं लागलीं, त्यांना उचलून इस्पितळांत नेऊं लागलीं, आणि गेलेलीं माणसें परत येतना. लोकांनीं रोगी माळ्यावर लपविले, प्रेतें घरांत पुरलीं. त्या ऑक्टोबरांत गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढील वर्षीं, २२ जून १८९७ रोजीं, पुण्यास रँडसाहेबावर गोळी झाडण्यांत आली. रोगी नेणारी गाडी व मृत नेणारी गाडी यांत लोकांस फरक दिसेनासा झाला, म्हणजे उत्तम इस्पितळही निरुपयोगी होतें. त्याच वर्षीं पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाई फुले यांनीं पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या पाठीला कोणी भ्यालें नाहीं.

या उपखंडांतील सर्वांत मोठें उदाहरण कराचीचे अब्दुल सत्तार एधी यांचें. १९२८ सालीं गुजराथेंतील बांटवा येथें जन्मलेला हा मनुष्य फाळणींत तिकडे गेला. १९५७ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीनंतर त्यानें एक जुनी मोटार घेतली आणि तींतून रोगी नेऊं लागला. तींतूनच बेवारस प्रेतेंही. स्वतः त्यांना धुई व पुरी. २०१६ त तो वारला तेव्हां त्याच्या संस्थेच्या गाड्या त्या देशभर पसरल्या होत्या. एका गाडीनें दोन्हीं कामें करण्याच्या बाजूनें एवढा मोठा साक्षीदार आमच्या समितींतील कोणास माहीत असता, तर आमचा ठराव त्याच दिवशीं पास झाला असता!

महाराष्ट्रांत सरकारची १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारींत ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. त्यापूर्वीं, आणि त्यानंतरही, आमच्या कोल्हापुरांत हें काम तालमी, तरुण मंडळें व दानशूर मंडळी यांनीं केलें आहे. मृताच्या बाबतींत तर या शहराची रीति परगांवच्यांना सांगितली असतां खरी वाटत नाहीं : पंचगंगेच्या स्मशानभूमींत महानगरपालिका दहनाचें मूल्य घेत नाहीं, आणि होळीच्या दिवसांत लोक होळी लहान करून शेणी तेथें दान करितात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत ती स्मशानभूमिच पाण्याखालीं गेली होती. करोनाच्या काळांत, २०२० व २०२१ त, सख्खीं माणसें जवळ येईनात, तेव्हां बैतुलमाल कमिटीच्या मुसलमान तरुणांनीं हिंदूंचेही अंत्यविधि केले. त्याच काळीं, एप्रिल २०२१ मध्यें, अंबाजोगाईस २२ मृतदेह एका रुग्णवाहिकेंत घालून नेल्याची बातमी सर्वांनीं वाचली. गाड्या पुरत नव्हत्या. जीं वाहनें जिवंतांसाठीं होतीं, तीं मृतांनीं भरलीं, आणि जिवंत वाट पाहत राहिले. एका गाडीच्या प्रश्नाचें हेंही एक अंग आहे.

आणि २०२४ च्या डिसेंबरांतील ती गोष्ट कोल्हापुरांत कोणास ठाऊक नाहीं? हृदयविकारानें एक वृद्ध गृहस्थ गेले असें समजून त्यांना रुग्णवाहिकेंतून घरीं आणीत होते. घरीं तयारी चालली होती. वाटेंत गतिरोधकावर गाडी आदळली, आणि त्यांच्या बोटांची हालचाल घरच्यांना दिसली. गाडी वळविली, दुसऱ्या इस्पितळांत नेलें, आणि पंधरा-वीस दिवसांनीं ते आपल्या पायांनीं घरीं आले. लोक गतिरोधकाचें कौतुक करीत होते. आम्हांस नाईन गांवच्या वेशीवरील विधवेचा मुलगा आठवला. तेथेंही खांदेकरी वाटेंतच थांबले होते. पण दुसरेंही मनांत आलें : ती शववाहिका असती व आंत कोणी त्यांच्याजवळ बसलेलें नसतें, तर बोटांकडे कोणी पाहिलें असतें?

येथवर आम्ही दुसऱ्यांचा इतिहास लिहिला. आतां स्वतःची एक गोष्ट लिहिणें प्राप्त आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांतील धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु होतों. देवळाच्या आवारांत एका संस्थेनें दिलेली जीप उभी असे. ती रोग्यांसाठीं होती. परंतु तिनेंच प्रेतें आणावयाचीं ही व्यवस्था आम्हीं केली, व काटकसर साधली म्हणून आमचें आम्हांसच बरें वाटलें. उसाच्या हंगामांत, एका रात्रीं, एका म्हाताऱ्या बाईला दम लागला. जीप दाराशीं नेली. बाई उंबऱ्यावर बसली ती उठेना. म्हणाली, “फादर, त्या गाडीतनं आमचं मालक आलं. म्या न्हाई बसायची तीत.” आम्हीं तिला समजाविलें. मग रागावलों. हा अंधविश्वास ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं असेंही बोललों. अर्धा तास गेला. शेवटीं शेजाऱ्यानें उसाच्या ट्रॉलींत पाचट पसरून तिला घातलें, आणि ती निमूटपणें निजली. कारखान्याच्या फाट्यापाशीं आम्हीं तिला अंत्याभ्यंग दिला. इस्पितळ तेथून दोन मैल राहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं तिला घरीं आणलें तें त्याच जीपमधून.

ही गोष्ट आम्हीं समितीला सांगितली नव्हती. सुतारमामांनीं तो प्रश्न विचारला तेव्हां ती सांगणें भाग होतें, आणि तरीही त्या बैठकींत आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. पुढच्या बैठकींत सांगितली.

ठराव आतां असा झाला आहे. गाडी एकच, आणि ती रोग्यांसाठींच. तींत पेटी चढणार नाहीं. रोगी वाटेंत निवर्तला तर गोष्ट निराळी, त्याला उतरवून देणें कोणाच्याही हातीं नाहीं. धर्मग्रामांतील चार तरुण व दोन तरुणी यांनीं प्रथमोपचाराचें शिक्षण घेण्याचें मान्य केलें आहे. शिक्षण पुरें होईपर्यंत गाडी हलणार नाहीं, यावर आम्ही अडून बसलों, व त्यामुळें समितींतील कांहीं मंडळी आमच्यावर थोडी नाराज आहेत. मृतांसाठीं शववाहिका भाड्यानें आणावयाची, व ज्या घरची ऐपत नसेल तेथें भाडें निधींतून द्यावयाचें. देवळापासून दफनभूमीपर्यंत मात्र खांदाच. त्यासाठीं पोटमाळ्यावरील जुनी लांकडी शिबिका सुतारमामांनीं खालीं काढली. तिचा एक दांडा वाळवीनें खाल्ला होता, तो त्यांनीं सागाचा घातला आहे.

गाडी पाहण्यास ते आमच्याबरोबर आले होते. दारें, चाकें, इंजिन यांकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. मागें चढून खाटेच्या जागीं उताणे निजले, आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. मग म्हणाले, “फादर, छत काळें आहे. पांढरें करून घ्या.” छत पांढरें रंगवून झालें आहे. नोंदणीचे कागद यावयाचे आहेत.